वाऱ्याचा हिशेब : थिओडोर फॉन कार्मान

मित्रांनो, आमच्या धानोऱ्याकडे पावसाळ्यात नाल्याच्या धारेत मासे अडवायला बांबू रोवतात. गडचिरोली जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. लहानपणी मी काठावर बसून ते बांबू बघत राहायचो. पाणी सरळ पुढे जातंय, तेव्हा बांबूनेही पुढे वाकावं आणि तसंच राहावं, असं कुणालाही वाटेल. पण तो आडवा हलतो! एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अगदी तालात. पाण्याची ओढ थोडी वाढली की थरथर एकदम वाढते. ओढ आणखी वाढली की कधी कधी ती चक्क कमी होते. आजोबांना विचारलं तर म्हणाले, पाणी आहे, हलवणारच. तेव्हा मला ते पटलं होतं.

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात एक आकृती समोर आली. एका गोल खांबावरून प्रवाह जातोय आणि खांबाच्या मागे भोवऱ्यांच्या दोन रांगा आहेत. एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. खाली नाव होतं, कार्मान व्हॉर्टेक्स स्ट्रीट. आपण परीक्षेपुरती ती आकृती काढतो, पाच मार्क घेतो आणि पान उलटतो. मी मात्र अडकलो, कारण तो खांब म्हणजे माझा बांबू होता. हा कार्मान कोण, हे शोधायला लागलो आणि सापडला एक भन्नाट माणूस. भोवऱ्यांपासून सुरुवात करून तो विमानांपर्यंत गेला, रॉकेटपर्यंत गेला आणि मध्येच एका कोसळलेल्या पुलापाशी थांबून त्याने जगभरच्या ब्रिज इंजिनिअर्सना नवा धडा दिला. त्याची ही गोष्ट.

थिओडोर फॉन कार्मान यांचा जन्म ११ मे १८८१ रोजी बुडापेस्टला झाला. वडील मोर कार्मान हे हंगेरीतले नावाजलेले शिक्षणतज्ज्ञ. थिओडोर सहा वर्षांचा असताना सहा-सहा आकडी संख्यांचे गुणाकार तोंडी करायचा. आपल्याकडे असा पोरगा निघाला तर पाहुण्यांसमोर उभं करून त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतात. या वडिलांनी उलटंच केलं. पोरगा नुसता आकडेमोडीचा चमत्कार होऊन बसेल या भीतीने त्यांनी काही वर्षं त्याचं गणित बंद केलं आणि त्याच्या हातात भूगोल, इतिहास आणि साहित्य दिलं. मोठेपणी कार्मान यांना वडिलांच्या या निर्णयाबद्दल राग नव्हता, उलट कृतज्ञताच होती.

पुढे तो मिंटा नावाच्या शाळेत गेला. ही शाळा वडिलांच्याच विचारांवर उभी होती. तिथे नियम पाठ करून घेत नसत. मुलं हंगेरीतल्या गव्हाच्या उत्पादनाचे आकडे गोळा करायची, त्यांचे आलेख काढायची आणि वाढ-घट म्हणजे काय ते त्यातून शिकायची. कार्मान यांची आयुष्यभराची सवय इथेच लागली असावी. समोरची वस्तू आधी नीट बघायची, मग तिचं गणित मांडायचं.

१९०२ साली बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातून त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि काही वर्षांनी ते जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे गेले. प्रांटल म्हणजे बाउंडरी लेअरवाले, आपल्या सिलॅबसमधलेच. (याच प्रांटल यांच्या हाताखाली पुढे १९३० च्या दशकात एक मराठी विद्यार्थी शिकला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांनी नंतर बंगलोरला एचटी-२ हे भारतीय बनावटीचं शिकाऊ विमान डिझाइन केलं. ते १९५१ साली उडालं.) कार्मान यांची डॉक्टरेट मात्र विमानावर नव्हती. ती होती खांबांच्या बकलिंगवर, म्हणजे शुद्ध स्ट्रक्चरचा विषय. १९०८ साली ती पूर्ण झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एका पहाटे, रात्रभर मित्रमंडळींत जागून झाल्यावर, ते हेन्री फार्मान यांचं विमान उडताना बघायला गेले. लाकूड आणि कापडाचं ते यंत्र जमिनीवरून उठलं आणि कार्मान यांचं मन त्यात गुंतलं ते कायमचं.

आता भोवऱ्यांची गोष्ट. १९११ साल. प्रांटल यांचा हीमेन्झ नावाचा एक विद्यार्थी पाण्याच्या वाहत्या चॅनेलमध्ये गोल नळकांडं ठेवून त्यावरचा दाब मोजत होता. दाब स्थिर येईना. काटा सारखा हलायचा. प्रांटल यांनी सांगितलं, नळकांडं नीट गोल नसेल. त्याने ते घासून पुसून गोल केलं, तरी तेच. मग चॅनेल सारखं नसेल म्हणून चॅनेल दुरुस्त केलं, तरी तेच. कार्मान यांचा हा विषयच नव्हता. पण रोज सकाळी लॅबमध्ये आले की ते हीमेन्झला विचारायचे, आज प्रवाह स्थिर झाला का? आणि तो रडवेल्या चेहऱ्याने सांगायचा, नाही हो, हलतोच आहे.

आपल्यापैकी कुणाचं प्रॅक्टिकल असं फसलं असतं तर काय केलं असतं? शेजारच्या बॅचची रीडिंग्ज उतरवली असती, खोटं कशाला बोला! कार्मान यांनी वेगळाच विचार केला. इतके प्रयत्न करूनही जर ते हलतंय, तर दोष प्रयोगात नाही, हलणं हाच त्या प्रवाहाचा स्वभाव असला पाहिजे. एका शनिवार-रविवारात त्यांनी हिशेब मांडला. भोवरे समोरासमोर जोडीने सुटले तर ती रचना टिकत नाही, मोडते. एकाआड एक सुटले तरच टिकते, आणि तेही दोन रांगांमधलं अंतर व एका रांगेतल्या दोन भोवऱ्यांमधलं अंतर यांचं प्रमाण ०.२८१ असेल तेव्हा. दुसऱ्या शब्दांत, प्रवाह सरळ आणि शांत असला तरी खांबाला आडवे धक्के बसणारच, आणि तेही ठराविक तालात.

तो ताल किती, हे काढायला सोपं सूत्र आहे. गोल खांबासाठी प्रवाहाचा वेग भागिले खांबाचा व्यास, गुणिले साधारण ०.२. माझ्या बांबूचा व्यास पाच सेंटीमीटर धरा, पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. उत्तर येतं सेकंदाला दोन. आणि बांबूचा स्वतःचा हलण्याचा ताल जर याच्या जवळ असेल, तर थरथर वाढते. वेग बदलला की ताल जुळेनासा होतो आणि बांबू शांत होतो. आजोबांचं उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं एवढंच.

कार्मान स्वभावाने मिश्कील होते. हे भोवरे त्यांच्या आधी फ्रान्समध्ये बेनार्ड यांनी पाहिले होते आणि श्रेय कुणाचं यावर कुरबूर झाली. तेव्हा कार्मान यांनी तोडगा सुचवला की इतर देशांनी याला कार्मानची गल्ली म्हणावं आणि पॅरिसमध्ये बेनार्डचा बुलेवार्ड म्हणावं. भांडण तिथेच मिटलं.

१९१३ पासून ते आखेनला प्राध्यापक होते. मधे पहिलं महायुद्ध झालं, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात त्यांनी दोराने बांधलेल्या हेलिकॉप्टरवर काम केलं. युद्धानंतर जर्मनीत ज्यूंविरुद्धचं वातावरण तापत गेलं. कार्मान ज्यू होते. १९३० साली ते आई आणि बहिणीसह अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला, म्हणजे कॅलटेकला, एरोनॉटिक्सच्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून गेले. लग्न त्यांनी केलंच नाही. घर बहीण जोसेफिन सांभाळायची आणि त्या घरात विद्यार्थ्यांचा कायम राबता असायचा.

आणि मग आला ७ नोव्हेंबर १९४०.

वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा इथे खाडीवर एक झुलता पूल बांधला होता. १ जुलै १९४० ला तो सुरू झाला. मधला गाळा ८५३ मीटर, त्या वेळी जगात तिसऱ्या क्रमांकाचा. पण रुंदी फक्त १२ मीटर, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना २.४ मीटर उंचीचे भरीव प्लेट गर्डर. आधीच्या डिझाइनमध्ये ७.६ मीटर उंचीचे जाळीदार ट्रस होते. लिऑन मॉइसेफ या मोठ्या इंजिनिअरने ते बदलून पूल सडपातळ, देखणा आणि स्वस्त केला. मॉइसेफ काही साधे गृहस्थ नव्हते. गोल्डन गेट पुलाच्या डिझाइनमध्येही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या हिशेबात वाराही होता. पण तो स्थिर वारा होता, एका बाजूने सतत ढकलणारा. तेवढं वजन पुलाला सहज पेलत होतं.

पूल पहिल्यापासून हलायचा. साध्या वाऱ्यातही रस्ता लाटेसारखा वर-खाली व्हायचा. लोकांनी त्याला गॅलपिंग गर्टी, म्हणजे उधळणारी गर्टी, असं नाव ठेवलं. टोल भरून लोक मुद्दाम झोके घ्यायला यायचे! प्रोफेसर फार्कुहार्सन यांनी लहान मॉडेल करून अभ्यास सुरू केला होता. भरीव गर्डरला भोकं पाडावीत किंवा वारा वळवणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, असे उपाय पुढे आले. ते होण्याआधीच तो दिवस उजाडला. वारा ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास, वादळ म्हणावं असाही नाही. आधी नेहमीसारखं वर-खाली झालं. मग मधल्या केबलचा एक पट्टा सरकला आणि पूल अचानक पिळवटायला लागला. एका कडेचा फूटपाथ दुसरीपेक्षा आठ मीटरहून वर जायचा आणि पुन्हा खाली. अकराच्या सुमारास मधला गाळा पाण्यात गेला. माणूस कुणी दगावला नाही. गाडीत अडकलेला एक कुत्रा तेवढा गेला. फार्कुहार्सन स्वतः त्याला सोडवायला हलत्या पुलावर गेले होते. घाबरलेल्या कुत्र्याने त्यांनाच चावा घेतला, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली की राज्याचे गव्हर्नर अगदी तसाच पूल पुन्हा बांधणार आहेत. कार्मान ती बातमी वाचून अस्वस्थ झाले. ते पुलांचे इंजिनिअर नव्हते. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पण त्या रात्री त्यांनी कॅलटेकच्या वर्कशॉपमधून पुलाचं एक छोटं रबरी मॉडेल करून आणलं, घरच्या टेबलावर ठेवलं आणि समोर साधा विजेचा पंखा लावला. पंख्याचा वेग एका ठराविक जागी आला की मॉडेल हलायला लागायचं. हवा तर सारखीच लागत होती. पंख्याची हवा मॉडेलला ढकलत नव्हती, झुलवत होती. कार्मान यांनी गव्हर्नरना तार केली. तिचा आशय इतकाच की तसाच पूल तिथेच बांधलात, तर तसाच तिथेच पडेल.

मला या माणसाचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. आपला विषय नाही, आपलं खातं नाही, समोर सरकार आहे, म्हणून गप्प बसणं सोपं होतं. पण त्यांनी नुसती टीकाही केली नाही. आधी मॉडेल केलं, पंखा लावला, डोळ्यांनी पाहिलं, मग तार केली.

सरकारने चौकशी समिती नेमली. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध ब्रिज इंजिनिअर ओथमार अम्मान, ग्लेन वुड्रफ आणि तिसरे कार्मान. समितीत सुरुवातीला चांगलीच जुंपली. विमानाच्या पंखासारख्या हलक्या वस्तूचं शास्त्र हजारो टनांच्या पुलाला लावायचं, हे पूलवाल्यांच्या पचनी पडेना. त्यांची सगळी हयात स्थिर वजनांच्या हिशेबात गेली होती. कार्मान यांचा आग्रह एकच होता. यापुढे मोठ्या पुलाचं मॉडेल विंड टनेलमध्ये तपासल्याशिवाय तो बांधू नये. मार्च १९४१ मध्ये अहवाल आला. नवा टॅकोमा पूल १९५० साली सुरू झाला. त्याला दहा मीटर उंचीचे जाळीदार ट्रस आहेत आणि रस्त्यात वारा आरपार जाईल अशा जाळ्या आहेत. मॉइसेफ मात्र १९४३ मध्येच वारले. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्या काळाच्या शास्त्राची हद्द संपली होती आणि पूल त्या हद्दीच्या पलीकडे गेला होता.

आता एक महत्त्वाची गोष्ट, व्हायवाला उपयोगी पडेल! आपल्या बऱ्याच पुस्तकांत टॅकोमाचा पूल रेझोनन्सने पडला, कार्मान भोवऱ्यांचा ताल आणि पुलाचा ताल जुळला, असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. त्या दिवशीच्या वाऱ्यात भोवरे सुटण्याचा ताल सेकंदाला साधारण एक होता, तर पुलाचं पिळवटणं पाच सेकंदांत एकदा, म्हणजे ०.२ होतं. ताल जुळतच नव्हता. पुढे रॉबर्ट स्कॅनलन यांनी हे नीट उलगडलं आणि १९९१ साली बिल्लाह व स्कॅनलन यांनी एका लेखात पुस्तकांची ही चूक दाखवून दिली. खरं कारण वेगळं होतं. पूल थोडा पिळला की त्याच्यावरून जाणारा वारा बदलायचा, आणि तो बदललेला वारा पुलाला आणखी पिळायचा. म्हणजे पूल स्वतःच्याच हलण्यातून वाऱ्याची ताकद ओढून घेत होता. याला फ्लटर म्हणतात. झोक्यावरचं मूल स्वतःच पाय मारून झोका चढवतं, तसं काहीसं. बाहेरून कुणी ताल धरून ढकलायची गरजच नाही.

मग कार्मान यांचे भोवरे निरुपयोगी ठरले का? अजिबात नाही. टॅकोमाच्या सुरुवातीच्या वर-खाली लाटा भोवऱ्यांशी जोडल्या जातात. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर १९९८ मध्ये असंच हलणं दिसलं, तेव्हा गर्डरच्या खाली वारा वळवणाऱ्या पट्ट्या लावून ते थांबवलं गेलं. चीनमधला हुमेन पूल मे २०२० मध्ये भोवऱ्यांमुळेच लाटेसारखा हलला. तेव्हा दुरुस्तीच्या कामासाठी कडेला तात्पुरते अडथळे लावले होते, त्यामुळे पुलाचा आकार वाऱ्याला वेगळा लागला होता. कडेला लावलेल्या किरकोळ वस्तूने एवढा पूल हलतो, यावर विश्वास बसत नाही ना?

टेबलावरच्या रबरी मॉडेलपासून आज आपण कुठे आलो बघा. आधी कॉम्प्युटरवर फायनाइट एलिमेंट मॉडेल करून पुलाचे स्वतःचे ताल काढतात. मग विंड टनेलमध्ये गर्डरचा तुकडा तपासतात, आणि जोडीला कॉम्प्युटरवरच हवेचा प्रवाह सोडवतात. हलणं जास्त वाटलं तर डॅम्पर लावतात. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि माणसांच्या चालण्याने आडवा हलतो म्हणून दोनच दिवसांत बंद करावा लागला. तिथे ३७ द्रवाचे डॅम्पर आणि पन्नासहून अधिक ट्यून्ड मास डॅम्पर, म्हणजे पुलाच्या उलट तालात हलणारी वजनं, बसवल्यावर २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पुढची पायरी म्हणजे डिजिटल ट्विन. पुलावर सेन्सर बसवायचे आणि कॉम्प्युटरमधलं मॉडेल रोजच्या रीडिंगप्रमाणे दुरुस्त करत राहायचं. पायाखालची माती वाहून गेली किंवा कुठे तडा गेला, तर पुलाचा ताल बदलतो. डोळ्याला दिसायच्या आधी तो सेन्सरला कळू शकतो.

हे सगळं मोठ्या पुलांचं झालं, आपला काय संबंध, असं वाटेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बस माणसांसकट वाहून गेल्या. तो वाऱ्याने पडला नाही, मान्य. पण पूल बाहेरून उभा दिसतो म्हणजे आतून ठीक आहे, ही समजूत त्या रात्री पुलाबरोबर वाहून गेली. आमच्या जिल्ह्यात तर पूल म्हणजे दवाखाना, शाळा आणि बाजार यांची वाट. भामरागडजवळच्या पर्लकोटेने कितीतरी पावसाळे पुलावरून पाणी नेलं आणि पलीकडची गावं तोडली. अशा पुलांना फ्लटरचा धोका नाही. पण वाहत्या पाण्याचा खांबाशी चाललेला झगडा तोच आहे, जो हीमेन्झच्या चॅनेलमध्ये होता. खांबाभोवतीचे भोवरेच पायाजवळची वाळू उकरतात. आणि ताल मोजायला आज ॲक्सेलरोमीटर लागतो, तो आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर बघा बुवा!

कार्मान यांचं पुढचं आयुष्य रॉकेटच्या धुरात गेलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९३६ पासून कॅलटेकजवळच्या कोरड्या ओढ्यात रॉकेटचे प्रयोग सुरू केले. लोक हसत होते, कार्मान पाठीशी उभे राहिले. त्यातूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, जिची यानं पुढे मंगळापलीकडे गेली. १८ फेब्रुवारी १९६३ रोजी अमेरिकेचं पहिलं नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते मिळालं. तेव्हा ते ८१ वर्षांचे, संधिवाताने थकलेले. पायऱ्या उतरताना अडखळले तसे केनेडी यांनी हात पुढे केला. कार्मान यांनी तो हळूच बाजूला केला आणि सांगितलं की माणसाला खाली उतरायला मदत लागत नाही, लागते ती वर चढायला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ६ मे १९६३ ला, आखेन इथे त्यांचं निधन झालं. जिथे त्यांनी प्राध्यापकी सुरू केली होती तेच गाव.

मित्रांनो, गडचिरोलीहून आरमोरीकडे जाताना कठाणीचा पूल लागतो. पावसाळ्यात कधी गेलात तर पाणी बेताचं असताना एक मिनिट थांबा आणि वाहत्या बाजूच्या कठड्याजवळून खाली बघा. प्रत्येक खांबामागे एक भोवरा डावीकडून सुटेल, एक उजवीकडून. घड्याळ लावून मोजा. मग खिशातला कागद काढून हिशेब जुळतो का बघा. नाही जुळला तर रीडिंग बदलू नका. पुन्हा मोजा.